दार उघडं ठेवून: हॉटेलात काम करणाऱ्यांवरची हिंसा समजून घेताना

हॉटेलात खोल्या साफ करायला जाणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी एक रीत शिकवतात. दारावर बोटांच्या पेरांनी वाजवायचं, "हाऊसकीपिंग" म्हणायचं, थांबायचं. पुन्हा वाजवायचं, पुन्हा थांबायचं. मग कार्ड लावून दार किलकिलं करायचं, आणखी एकदा आवाज द्यायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. ही सगळी रीत पाहुण्यासाठी आहे. तो झोपलेला असेल, अंघोळीला गेला असेल, त्याची पंचाईत होऊ नये म्हणून. आत जाणाऱ्या बाईची पंचाईत झाली तर तिनं काय करायचं, हे त्या शिकवणीत बहुतेक ठिकाणी नसतं.

मी नऊ वर्षं हाऊसकीपिंगमध्ये होते. आधी खोल्या केल्या, नंतर फ्लोअर सुपरवायझर झाले. स्वतःला कसं सांभाळायचं हे मला पॅन्ट्रीतल्या एका मावशींनी शिकवलं. "दाराकडं पाठ करून बेड लावायचा नाही, पोरी. आणि बाथरूम घासताना नळ बंद ठेव, म्हणजे कुणी आत आलं तर ऐकू येईल." वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे नियम स्वतःपुरते तयार केले होते. कुठल्याही मॅन्युअलमध्ये ते नव्हते, आणि कुणी त्यांना ते लिहून काढायलाही सांगितलं नव्हतं.

हा लेख त्या न लिहिलेल्या नियमांबद्दल आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. हॉटेलात होणारी हिंसा "वाईट माणूस भेटला, नशीब" असं म्हणून सोडून देण्यासारखी नसते. काम ज्या पद्धतीनं मांडलेलं असतं, त्यातून ती होते. एकटी बाई, बंद दार, रात्रीची वेळ, दारू, आणि नाही म्हणायची परवानगी नसलेला माणूस हे सगळं एकत्र आणलं की काहीतरी घडण्याची वाटच पाहायची असते. म्हणून ती थांबवायची तर ही मांडणी बदलावी लागते.

आपल्याकडे हॉटेल हा शब्द फार मोठा आहे. मिसळीचं हॉटेल, हायवेवरचा ढाबा, परमिट रूम, एसटी स्टँडसमोरचा लॉज, लोणावळ्याचं रिसॉर्ट, गोव्यातलं पंचतारांकित, सगळं हॉटेलच. माझा अनुभव मोठ्या हॉटेलांचा असला, तरी पुढे लिहिलेलं बरंचसं या सगळ्यांना लागू होतं. लहान जागी तर जरा जास्तच.

हिंसा कशाला म्हणायचं?

मारहाण झाली तरच हिंसा, असं आपण धरून चालतो. वेटरच्या कानाखाली बसली तर ती हिंसा. पण दारूच्या टेबलावरून रोज आईबहिणीवरून शिव्या खाणं? टॉवेल मागवून दारात उघड्यानं उभं राहणं? "तुझी नोकरी घालवीन" ही धमकी? याला आपण "कामाचा भाग" म्हणतो.

जगभरच्या कामगार प्रश्नांवर नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं जून २०१९ मध्ये एक करार मंजूर केला, क्रमांक १९०. जून २०२१ पासून तो लागू आहे. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही, पण त्यातली व्याख्या समजून घेण्यासारखी आहे. ज्या वागण्यानं किंवा धमकीनं शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक इजा होते वा होऊ शकते, ती हिंसा आणि छळ. मग ते एकदाच घडलेलं असो की वारंवार. ती व्याख्या कामाच्या जागेपुरती थांबत नाही. कामावर जाण्यायेण्याचा रस्ता आणि मालकानं राहायला दिलेली खोलीसुद्धा त्यात धरलेली आहे. हॉटेलातली अर्धी पोरं स्टाफ क्वार्टरमध्ये राहतात आणि रात्री दीडला सुटतात, हे लक्षात घेतलं की या दोन गोष्टींचं महत्त्व कळतं.

त्यातला "आर्थिक" हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एक उदाहरण देते. पाचसहा जणांचं टोळकं परमिट रूममध्ये बसतं, पितं आणि बिल न देता उठतं. अनेक ठिकाणी अलिखित नियम असा की ते बिल वेटरच्या पगारातून कापायचं. मग तो पोरगा काय करतो? पार्किंगपर्यंत त्यांच्या मागे धावतो. अंधारात, एकटा, सहा प्यायलेल्या माणसांसमोर उभा राहतो. तिथं त्याचं डोकं फुटतं. उद्या पेपरात "बिलाच्या वादातून वेटरला मारहाण" अशी चार ओळींची बातमी येते. पण त्याला पार्किंगमध्ये पाठवलं कुणी? पगार कापण्याच्या त्या नियमानं.

धोका चार दिशांनी येतो

अमेरिकेत कामाच्या जागेवरच्या हिंसेचे चार प्रकार पाडतात. ही विभागणी साधी आहे आणि उपयोगाची आहे, कारण प्रत्येक प्रकारावरचा उपाय वेगळा असतो.

पहिला प्रकार म्हणजे कामाशी काहीच संबंध नसलेला माणूस. चोर, दरोडेखोर, हप्ता मागणारा. रात्री तीनला लॉजच्या काउंटरवर एकटा बसलेला माणूस, गल्ल्यात दिवसभराची रोकड आणि रस्त्यावरून सरळ आत येणारं दार. इथले उपाय ठाऊक आहेत: गल्ल्यात कमीत कमी रोकड, रात्री दार आतून बंद ठेवून बेल वाजवल्यावर उघडणं, आणि रोकड मागितली तर देऊन टाकायची, हे मालकानं स्पष्ट सांगून ठेवणं. शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्मीळ.

तिसरा प्रकार (दुसऱ्याकडे सावकाश येते) म्हणजे आपलीच माणसं. सहकारी, वरिष्ठ, मालक. किचनमध्ये सुऱ्या, उकळतं तेल, चाळीस अंशांचा उकाडा आणि बारा तासांची ड्युटी. तिथं शिवीगाळ आणि भांडी फेकणं ही "किचनची भाषा" म्हणून खपवून घेतली जाते. ट्रेनिंगला आलेली हॉटेल मॅनेजमेंटची विद्यार्थिनी तिच्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या माणसाबद्दल तक्रार करत नाही. अमेरिकेत डॅलसमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये एका मोटेलच्या भारतीय वंशाच्या व्यवस्थापकाची त्याच्याच सहकाऱ्यानं बायकोमुलासमोर हत्या केली. निमित्त होतं बिघडलेल्या वॉशिंग मशीनचं.

आणि मालक. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तराखंडात ऋषिकेशजवळच्या एका रिसॉर्टमधली १९ वर्षांची रिसेप्शनिस्ट बेपत्ता झाली. काही दिवसांनी चिल्ला कालव्यात तिचा मृतदेह सापडला. पाहुण्यांना "खास सेवा" द्यावी म्हणून तिच्यावर दबाव येत होता आणि ती नकार देत होती, असं तपासात पुढे आलं. मे २०२५ मध्ये कोटद्वारच्या न्यायालयानं रिसॉर्टचा मालक आणि त्याच्या दोन कर्मचाऱ्यांना जन्मठेप सुनावली. त्या मुलीची ती पहिलीवहिली नोकरी होती. दबाव आणणारा मालकच असेल तर हॉटेलातलं तक्रारीचं प्रत्येक दार त्याच्याच केबिनमध्ये उघडतं. अशा वेळी बाहेरचं दार कुठलं, ते पुढे सांगते.

चौथा प्रकार घरातून कामावर येतो. मारहाण करणारा नवरा किंवा सोडलेला प्रियकर तिच्या शिफ्टची वेळ ओळखून गेटवर उभा राहतो. हॉटेलात तर कुणीही लॉबीत येऊन बसू शकतो. "आज त्यांची ड्युटी किती वाजेपर्यंत आहे?" या प्रश्नाचं उत्तर फ्रंट डेस्कनं कुणालाही द्यायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरंच काही टळतं.

दुसरा प्रकार: पाहुणा

हॉटेलच्या धंद्याचं मूळच पाहुण्यात असल्यानं हा प्रकार सगळ्यात अवघड.

दिवसाला चौदा-सोळा खोल्या करायच्या असतात. खोलीमागे अर्धा तास धरला तरी सगळी ड्युटी त्यातच संपते. म्हणजे खोलीत पाहुणा असताना "नंतर येते" म्हणावंसं वाटलं, तरी नंतर नावाची वेळच उरत नाही. मजल्यावर आपण एकट्या असतो. कार्पेटमुळे कॉरिडॉरमध्ये पावलांचा आवाज येत नाही. खोल्यांच्या भिंती आणि दारं मुद्दाम अशी बांधलेली असतात की आतला आवाज बाहेर जाऊ नये. पाहुण्याला शांत झोप लागावी म्हणून केलेली ही सोय आत अडकलेल्या बाईच्या ओरडण्यालाही तितकीच लागू पडते. दाराला आडवी लावलेली ट्रॉली बाहेरच्याला आत येऊ देत नाही, पण आतून पळणाऱ्याची वाटही तीच अडवते. हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

एकदा संध्याकाळच्या सर्व्हिसला मी एका खोलीत गेले. पाहुणा आत होता, बोलायला सभ्य. मी पडदे ओढत असताना मागे दार लागल्याचा आवाज आला. तो दार आणि मी यांच्या मधोमध उभा होता आणि हातात नोटा होत्या. मी काय बोलले ते मला आज आठवत नाही. एवढं आठवतं की मी हसत होते. भीतीनं हात गार पडले होते आणि चेहऱ्यावर ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं हसू तसंच होतं. शेजारच्या खोलीची बेल वाजली, तो क्षणभर बाजूला झाला आणि मी बाहेर पडले.

खाली येऊन सांगितलं, तर वरिष्ठ म्हणाले, "गोड बोलून बाहेर पडायचं होतंस ना, त्यात काय." मग लॉगबुक उघडलं. त्यात "गेस्ट कंप्लेंट" असा रकाना होता. स्टाफच्या तक्रारीचा रकाना नव्हता. शेवटी माझी गोष्ट "इतर" या रकान्यात एका ओळीत लिहिली गेली: "अमुक खोलीची संध्याकाळची सर्व्हिस अपूर्ण." म्हणजे नोंद झाली ती माझ्या राहिलेल्या कामाची. तो पाहुणा आणखी दोन रात्री राहिला. दुसऱ्या दिवशी त्या खोलीवर दुसऱ्या मुलीला पाठवलं आणि तिला कुणी काही सांगितलं नाही. मी सांगितलं. पण ते सांगणं माझ्यावर सोडलेलं असायला नको होतं.

त्या हसण्याबद्दल थोडं. या धंद्यात नाही म्हणायला शिकवतच नाहीत. "नो" हा शब्द वापरायचा नाही, "मी बघून सांगते" म्हणायचं, असं ट्रेनिंगमध्येच असतं. त्यात ऑनलाइन रिव्ह्यूची भर पडली. पाहुण्यानं एक तारा दिला तर मजल्यावरच्या माणसाला जाब द्यावा लागतो. "अतिथी देवो भव" हे फार सुंदर वचन आहे, पण ते घरी आलेल्या पाहुण्यासाठी आहे, आणि घरी यजमान आपल्या जागेचा धनी असतो. हॉटेलातली मुलगी त्या खोलीची धनीण नसते. खोलीचं भाडं त्यानं भरलेलं असतं आणि त्यालाही हे ठाऊक असतं.

नाही म्हणण्याची किंमत काय असू शकते, हे साऱ्या देशानं एकदा पाहिलं आहे. एप्रिल १९९९ च्या शेवटी दिल्लीत मेहरौलीजवळच्या टॅमरिंड कोर्ट या रेस्टॉरंटमध्ये पार्टी होती. जेसिका लाल ही मॉडेल त्या रात्री बारमध्ये पेयं देत होती. बार बंद झाल्यावर एकानं दारू मागितली, तिनं नाही म्हटलं, आणि त्यानं गोळी झाडली. खालच्या न्यायालयानं २००६ मध्ये आरोपींना सोडलं, देशभर संताप उसळला, त्याच वर्षी उच्च न्यायालयानं मुख्य आरोपीला जन्मठेप दिली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. खटल्याबद्दल खूप लिहिलं गेलं. माझ्या मनात मात्र तो आधीचा क्षण राहतो: बार बंद झाला आहे हे सांगण्याचं काम त्या मध्यरात्री कुणाच्या वाट्याला येतं? प्रत्येक परमिट रूममध्ये, प्रत्येक लग्नाच्या पार्टीत, ते सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला करावं लागतं. ते मॅनेजरनं करावं, सिक्युरिटी सोबत घेऊन करावं, आणि शेवटच्या ऑर्डरची वेळ अर्धा तास आधी सगळ्या टेबलांना सांगावी. यात खर्च काहीच नाही.

२००८ च्या मुंबई हल्ल्यात ताजमधल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना बाहेर काढता काढता स्वतःचे प्राण गमावले. त्यांच्यापुढे मान लवते. त्यानंतर मोठ्या हॉटेलांच्या दारात स्कॅनर आले, गाड्यांच्या डिक्या उघडून पाहायला लागले, बॅगा तपासायला लागले. ते हवंच होतं. पण तो सारा बंदोबस्त रस्त्याकडे तोंड करून उभा आहे. तपासणीतून नीट पार होऊन, ओळखपत्र दाखवून, आगाऊ पैसे भरून जो माणूस खोलीत गेला, त्याच्यापासून खोली साफ करणारीला वाचवणारं त्यात काही नाही.

एका बटणाची गोष्ट

मे २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या सोफिटेल हॉटेलमध्ये सूट साफ करायला गेलेल्या एका कर्मचारी महिलेनं तक्रार केली की आतल्या पाहुण्यानं आपल्यावर लैंगिक हल्ला केला. तो पाहुणा होता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा तेव्हाचा प्रमुख डॉमिनिक स्ट्रॉस-कान. त्यानं आरोप नाकारला. फौजदारी खटला सरकारी वकिलांनीच काही महिन्यांत मागे घेतला आणि तिनं लावलेला दिवाणी दावा २०१२ च्या डिसेंबरात तडजोडीनं मिटला. न्यायालयात जे झालं ते झालं, पण तिच्यासारखं काम करणाऱ्या हजारो बायका त्यानंतर बोलू लागल्या. न्यूयॉर्कच्या हॉटेल कामगारांच्या संघटनेनं २०१२ च्या करारात खोल्या साफ करणाऱ्यांसाठी धोक्याचं बटण मिळवलं. सिअ‍ॅटलच्या मतदारांनी २०१६ मध्ये ते मतदानानं मंजूर केलं.

शिकागोतल्या हॉटेल कामगारांच्या संघटनेनं त्याच वर्षी सुमारे ५०० महिला कर्मचाऱ्यांना विचारलं. हॉटेलात काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्के जणींनी पाहुण्याकडून लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. खोल्या साफ करणाऱ्यांपैकी ४९ टक्के जणींच्या वाट्याला पाहुण्यानं उघड्यानं दार उघडणं किंवा अंगप्रदर्शन करणं आलं होतं. २०१७ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेनं कायदा केला आणि जुलै २०१८ पर्यंत बटण देणं हॉटेलांवर बंधनकारक केलं.

हे बटण चालतं कसं? खिशात मावणारं किंवा कपड्याला अडकवायचं छोटं यंत्र. दाबलं की सिक्युरिटी आणि ड्युटी मॅनेजरच्या फोनवर तिचं नाव आणि जागा दिसते. जागा कळणं हीच अवघड बाब आहे. मोबाईलमधलं जीपीएस उपग्रहांवर चालतं. इमारतीच्या आत ते क्षीण होतं आणि माणूस चौथ्या मजल्यावर आहे की चौदाव्या, हे त्यातून नीट कळत नाही. म्हणून मजल्यांवर आणि खोल्यांजवळ छोटे ब्लूटूथ संदेशक बसवतात. यंत्र सगळ्यात जवळच्या संदेशकाचा क्रमांक पाठवतं, त्यावरून खोली कळते, आणि ती पळाली तर बदलती जागाही दिसत राहते. नुसता मोठा आवाज करणारी यंत्रंही मिळतात. ती स्वस्त असतात, पण आवाज न जाणाऱ्या भिंतींच्या आत त्यांचा कितीसा भरवसा!

आणि तरी, बटण हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. दाबल्यावर येणार कोण? रात्रपाळीला सबंध इमारतीत एकच गार्ड गेटवर असेल, तर बटण त्याच्या फोनवर वाजेल आणि तो गेट सोडू की नको या विचारात पडेल. शिकागोच्या कायद्यातला मला आवडलेला भाग बटणाच्या पुढचा आहे. धोका वाटला की तिथलं काम टाकून बाहेर पडायचा हक्क आहे. तो पाहुणा हॉटेलात असेपर्यंत तिला त्याच्यापासून दूरच्या जागी काम द्यायचं. पोलिसांकडे जायला पगारी वेळ द्यायचा. आणि तक्रार केली म्हणून तिच्यावर सूड उगवायचा नाही. यातल्या एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही. बटण नसलेल्या आपल्याकडच्या लॉजलाही हे चारही नियम उद्यापासून करता येतील. अमेरिकेतल्या बड्या हॉटेल साखळ्यांनी २०१८ मध्ये तिथल्या आपल्या हॉटेलांत ही यंत्रं देण्याचं जाहीर केलं. त्याच ब्रँडच्या पाट्या पुण्या-मुंबईतही आहेत. तिथं काम करत असाल तर "आपल्याकडे का नाही?" हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

आपला कायदा काय देतो?

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. हॉटेलवाल्यांमध्ये त्याबद्दल दोन मोठे गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज: "तो गेस्ट आहे, आपला स्टाफ नाही, म्हणून पॉश लागत नाही." चूक. या कायद्याचं कलम १९ मालकाची कर्तव्यं सांगतं. त्यात सुरक्षित जागा देणं म्हणजे कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता देणं, असं स्पष्ट लिहिलं आहे. पाहुणा हा संपर्कात येणारा माणूस नाही तर कोण? त्याच कलमात पुढे असंही आहे की छळ करणारा कर्मचारी नसला आणि त्या महिलेची इच्छा असली, तर मालकानं त्याच्यावर फौजदारी कारवाई सुरू होईल असं पाहायचं. म्हणजे "पोलिसांत गेलीस तर हॉटेलचं नाव खराब होईल" असं म्हणणारा मॅनेजर कायद्याच्या अगदी उलटं वागतो.

दुसरा गैरसमज: "ती आमची नाही, एजन्सीची आहे." आजकाल सफाई, लाँड्री, सिक्युरिटी, सगळं कंत्राटावर असतं. पण या कायद्यातल्या कर्मचारी या शब्दात कंत्राटी, रोजंदारी आणि प्रशिक्षणार्थी सगळे येतात. युनिफॉर्मवर कुणाचं नाव आहे यानं फरक पडत नाही.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नसतील इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत. चौकशी चालू असताना तिला बदली किंवा रजा मागता येते, आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. समिती नेमली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. बऱ्याच जणी एका भीतीनं गप्प बसतात: सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच खोट्या तक्रारीचा ठपका येईल. कायदा म्हणतो, केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

आणि ते बाहेरचं दार: दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. लॉज, ढाबा, होमस्टे, छोटं रिसॉर्ट, सगळ्यांना हे दार उघडं आहे. मला भेटलेल्या बहुतेक जणींना ते असल्याचंच माहीत नव्हतं.

रात्रपाळीबद्दल महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सांगितलं आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलेला तिच्या संमतीनंच काम देता येतं. तेही पुरेशी सुरक्षा आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय असेल तरच. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत, हायवेच्या फाट्यापर्यंत नव्हे.

पुरुषांचं काय? पॉश फक्त महिलांसाठी आहे. मार खाणारा वेटर, गार्ड, बेलबॉय यांना सर्वसाधारण फौजदारी कायद्यावरच अवलंबून राहावं लागतं, आणि इथं एक बारकावा आहे. साध्या मारहाणीचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ११५) अदखलपात्र आहे. म्हणून पोलीस "एनसी घेतो" (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) म्हणतात, एक कागद हातात देतात आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पण हत्यारानं किंवा तापलेल्या पदार्थानं केलेली इजा कलम ११८ मध्ये येते आणि ती दखलपात्र आहे. फोडलेली बाटली किंवा अंगावर फेकलेला उकळता रस्सा यांचा विचार या कलमाखाली होऊ शकतो. म्हणून काय घडलं ते पोलिसांत तपशिलानं सांगायचं. "मारलं" एवढंच सांगून थांबायचं नाही. सरकारी दवाखान्यात जखमेची नोंद करून घ्यायची. ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर कामावरची इजा म्हणून नोंद करायची, कारण बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भरपाई मिळू शकते. मालक "पायऱ्यांवरून पडला असं सांग" म्हणतो, तेव्हा ही भरपाईही तो हिरावून घेत असतो.

घडलंच तर

आधी तिथून बाहेर पडा. ट्रॉली, कार्ड, मोबाईल, काही राहिलं तरी राहू द्या. माणसं असतील तिकडे जा, ११२ ला फोन करा. महिलांसाठी १८१ हीसुद्धा मदतीची ओळ आहे.

त्यानंतरची गोष्ट आम्हा हाऊसकीपिंगवाल्यांना फार जड जाते: खोली साफ करायची नाही. आपला हात आपोआप चादरीकडे जातो, सांडलेलं पुसावंसं वाटतं. काही पुसू नका, युनिफॉर्म धुऊ नका, पुढच्या शिफ्टला त्या खोलीत जाऊ देऊ नका. हॉटेलच्या कुलुपांत कुठलं कार्ड किती वाजता लागलं याची नोंद असते, ती काढून ठेवायला लेखी सांगा. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून "अमुक तारखेचं, अमुक मजल्याचं चित्रण जपून ठेवा" असा ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप त्याच दिवशी पाठवा. मराठीत लिहिलं तरी चालतं. आणि झोपायच्या आधी घटना जशी आठवते तशी, वेळेसकट, कागदावर उतरवा. काही दिवसांनी कुणी विचारलं की स्वतःवरचाच विश्वास डळमळतो. माझा डळमळला होता.

सहकारी असाल तर "तू एकटी का गेलीस?" हा प्रश्न गिळून टाका. तिला तिथं ड्युटी शीटनं पाठवलं होतं.

मालक किंवा मॅनेजर असाल तर लॉगबुकपासून सुरुवात करा. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बहुतेक सगळ्या मालकांना हिंसा रोखण्याची लेखी योजना आणि प्रत्येक घटनेची नोंदवही ठेवावीच लागते. आपल्याकडे ती सक्ती नाही, पण रकाना आखायला कायदा लागत नाही. "स्टाफची तक्रार": तारीख, वेळ, मजला, काय घडलं, कोणी काय केलं. तीन महिन्यांनी तो रकाना वाचला की तुमच्या हॉटेलात धोका कुठल्या मजल्यावर, कुठल्या वेळेला, कुठल्या पार्टीनंतर असतो ते समोर दिसेल. पाहुणा खोलीत असेल तर साफसफाई नाही, किंवा दोघींनी मिळून, हा नियम करा आणि त्यासाठी दिवसाच्या खोल्यांची संख्या कमी करा. संख्या तीच ठेवून केलेला नियम दुसऱ्या दिवशी मोडतो.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही पॅन्ट्रीत केक कापला होता. जाताना त्यांनी नव्या मुलीला बेड लावायला लावला आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. मुलगी चादर ताणताना वळली आणि तिची पाठ दाराकडे आली. मावशींनी तिचे खांदे धरून तिला फिरवलं. "असं. आता मी दिसते ना? तशीच लाव."